आमराईची पारख

आमच्या गावात कारणाशिवाय चालणारा माणूस मी वयाच्या चौदाव्या वर्षापर्यंत पाहिला नव्हता. चालणारी माणसे पुष्कळ होती. बायका पाण्याला चालत, गुराखी गुरांमागे चालत, आणि उजाडायच्या सुमारास सगळे गावच हातात लोटा घेऊन नदीकडे चालत असे. सोयरीक जुळवायला, जुळलेल्या सोयरिकीत भांडायला, हरवलेली म्हैस पाहायला लोक चार चार कोस सहज जात. पण नुसतेच जायचे आणि काहीही न करता परत यायचे, हा प्रकार वाट चुकलेल्याचा किंवा डोके फिरलेल्याचा समजला जाई. आता डॉक्टरांच्या सांगण्यावरून मी रोज संध्याकाळी अमरावतीच्या सडकेने मैलभर जातो आणि मैलभर परत येतो. वाटेत गावाकडचे एखादे जुने माणूस भेटते आणि विचारते, "कुठी चाल्ले बावाजी?" मी "कुठीच नाही" म्हणतो. तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जी कीव दिसते, ती पाहून मला पेढी नदीच्या काठचा तो शिमगा आठवतो.

त्या वर्षांत कापसाला सोन्याचे दिवस आले होते. सात समुद्रांपलीकडे अमेरिका नावाच्या मुलखात भाऊभाऊ आपसात लढत आहेत, त्यांची वावरे ओस पडली आहेत, म्हणून विलायतेला आता आपल्या पऱ्हाटीचा कापूस लागतो, एवढे गावाला समजले होते. गावचे पाटील म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. त्यांना आम्ही मोठेबाबा म्हणत असू. त्यांनी मारुतीपुढे नारळ फोडून, ही लढाई अशीच चालू राहू दे असा नवस केला होता. "दोन्ही भावाईले यश दे," असे ते हात जोडून म्हणाले, आणि जमलेल्या सगळ्यांनी मनापासून माना डोलावल्या.

आमच्या घरात तेव्हा माणसांपेक्षा कापूस जास्त राहत होता. मधल्या खोलीत तो आढ्यापर्यंत भरला होता, बाळंतिणीच्या खोलीत भरला होता, देवघरात देवांना जेमतेम बसण्यापुरती जागा ठेवून उरलेल्या जागेत भरला होता. आम्ही ओसरीवर निजत असू. सकाळपासून परसात सरकी काढायचे रेचे कुरकुरत आणि त्यांच्या तालावर घरातले सगळे खोकत. कढीत कापूस सापडे, ठेच्यात कापूस सापडे, जवसाच्या चटणीला तर कापसाची मिशी फुटलेली असे. वांग्यांच्या वाफ्यांत, उकिरड्यावर, देवळाच्या पायरीपर्यंत लोकांनी पऱ्हाटी पेरली होती. ज्वारी पेरायला कोणाला सवड नव्हती, म्हणून ती दुरून विकत यायची. हलकी, किडकी ज्वारी. तिची भाकर थापताना तुटे. पण ती खाऊन आम्ही बाहेर येत असू तेव्हा दारात चांदीच्या पट्ट्या बसवलेल्या चाकांची दमणी उभी असे. मोठेबाबांनी मखमलीचा कोट शिवला होता आणि तो ते उन्हाळ्यातही घालत, कारण हिवाळ्यापर्यंत लढाई टिकेल की नाही याचा भरवसा नव्हता. अमरावतीहून त्यांनी एक मोठे घड्याळ आणले होते. ते वाचता कोणालाच येत नसे. ते टोले द्यायला लागले की मोठेबाबा बोट वर करून सर्वांना गप्प करत आणि टोले संपल्यावर म्हणत, "वाजले." किती, हे त्यांनी कधी विचारले नाही.

या घरात माझे मुख्य काम दुभाष्याचे होते. माझे वडील मी लहान असतानाच गेले. आमच्याकडे धाकट्या भावाच्या बायकोने थोरल्या दिराशी बोलायचे नसते, त्यांच्यासमोर यायचे ते पदर ओढून आणि दाराआडूनच. तरी एका चुलीवर जेवणाऱ्या माणसांना बोलण्याशिवाय गत्यंतर नसते. म्हणून ती दोघे माझ्यामार्फत बोलत. दाराआडून आई म्हणे, "गनपत, मोठ्याबाबाले इचार, भाकर वाढू का?" मी म्हणे, "मोठेबाबा, भाकर वाढू का?" ते म्हणत, "सांग, अर्धी." मी "आई, अर्धी," म्हणायच्या आत अर्धी भाकर ताटात पडलेली असे. पण मी ते म्हटले नाही, तर ताटात पडूनही ती वाढलेली ठरत नसे. भाषा एक, खोली एक, दोघांचेही कान तिखट, आणि मधे मी. कधी आई म्हणे, "सांग त्याईले, बुढ्याचं डोकं कापसानं भरलं." मी सांगत असे, "आई म्हणते, पुन्हा एक डाव इचार करा." मोठेबाबा मिशीत हसत आणि मूळ वाक्याला उत्तर देत. भाषांतराचे पहिले धडे मी असे घरीच घेतले. पुढे विद्यापीठाच्या परीक्षेत भाषांतराच्या पेपरात मला चांगले गुण मिळाले, त्यात आईचा वाटा परीक्षकांना माहीत नव्हता.

वडिलांच्या मागे मोठेबाबांनी नदीकाठच्या आमराईचे उत्पन्न आईला मिठामिरचीसाठी लावून दिले होते. त्या मिठामिरचीवर मी अमरावतीच्या शाळेत इंग्रजी शिकत होतो. आई चैत्रात कैऱ्या आणि पुढे अढीतले आंबे टोपलीने अमरावतीच्या बाजारात नेई, लोणच्याच्या बरण्या चार ठरलेल्या घरी पोचवी. घरातल्या कोणाला माझ्या शाळेचे विशेष वाटत नसे. शाळेत न गेलेल्यांच्या दमणीला चांदीची चाके लागत होती, तेव्हा शाळेत जाणाऱ्याला आणखी काय लागणार, असा मोठेबाबांचा हिशेब होता. "एक झाड नाई फळलं ना, तर हा पोट्टा कापूस येचाले येते," असे ते मला सांगत, म्हणजे आईला सांगत.

आमराई पेढीच्या वळणावर होती. अठरा झाडे, अंतराअंतराने उभी, खाली गुरांनी चरून चरून बसवलेले आखूड गवत. प्रत्येक झाडाला नाव होते. शेपूचा वास येणारा शेप्या, नारळासारख्या गराचा खोबऱ्या, आंबट पण लोणच्याला एक नंबर तो दह्या, आणि सगळ्यांत मोठा, लालबुंद फळांचा शेंदऱ्या. आई त्यांच्याबद्दल माणसांसारखे बोले. "औंदा शेप्या रुसला," म्हणे, किंवा "खोबऱ्याची तब्येत बरी नाई."

शिमग्याच्या सुट्टीत मी घरी आलो तेव्हा या आमराईत एक गोरा साहेब तंबू ठोकून बसला होता. गावोगावच्या कापसाची पारख करायला सरकारने त्याला पाठवले होते. दुपारी तो गंजीतून मूठभर कापूस काढी, बोटांनी तंतू ओढून पाही आणि वहीत लिही. हे सर्वांना समजत होते, आमचे दलालही तेच करत. न समजणारी गोष्ट सकाळ-संध्याकाळ घडत होती. साहेब हातात बारीक काठी घेऊन आमराईतून निघे, नदीच्या काठाकाठाने वलगावच्या बाजूला जाई आणि तासाभराने परत येई. काहीही घेऊन जात नसे, काहीही घेऊन येत नसे.

"हातात लोटा नाई," आमचा कोतवाल सदू ओट्यावर सांगत होता. "म्या जातीनं पायलं. ते काम नोहे."

"काही हरपलं असन त्याचं," कोणी म्हणाले. त्यावरून दोन दिवस निम्मे गाव काठावर वाकून हिंडले. कोटाची एक पितळी गुंडी सापडली. ती साहेबाला नेऊन दिली, त्याने ती ठेवून घेतली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा फिरायला गेला. तेव्हा गुंडी हे कारण नव्हते असे ठरले. एका म्हातारीने साहेबाने नदीची परिक्रमा बोलली असल्याचे सांगितले. मोठेबाबांना यांतले काहीच पटले नाही. "काठी पाय त्याची," ते म्हणाले. "दर पावलाले टेकवते. मोजून रायला तो. काहून मोजते, हे समजलं पायजे. गनपत, तुले इंग्रजी येते ना?"

"थोडं थोडं येते, मोठेबाबा."

"मंग थोडं थोडं इचार."

साहेबाचा मुनशी तापाने आजारी पडून अमरावतीला गेला होता, म्हणून साहेबालाही बोलायला कोणी नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी धुतलेली टोपी घालून त्याच्या वाटेवर उभा राहिलो. शाळेच्या पुस्तकातले माझे इंग्रजी मांजर, टोपी आणि आजारी माणूस यांच्यापुरतेच होते. त्यांपैकी एकही विषय जवळ नव्हता. मी म्हणालो, "सर, व्हाय डू यू गो?" साहेब मोठ्याने हसला आणि त्याने काठीने मला बरोबर चल अशी खूण केली.

त्या सकाळी मी आमची नदी पहिल्यांदा पाहिली. रोज तीत पोहत होतो, तिच्यात म्हशी धूत होतो, पण तिला वळणे आहेत आणि प्रत्येक वळणावर ती वेगळी दिसते, हे मला ठाऊक नव्हते. पाणी बारीक झाले होते. उघड्या वाळूत माळ्यांच्या डांगरवाड्या, म्हणजे खरबुजांचे मळे, होते, वेलांना नुकती फळे धरली होती. टिटवी आमच्या पुढे पुढे ओरडत धावत होती. साहेब खंड्या पक्ष्यासमोर असा थांबला की आमचे लोक तहसीलदारासमोरही तसे थांबत नाहीत. मी त्याला खंड्याचे इंग्रजी नाव कागदावर लिहून द्यायची विनंती केली, मास्तरांना दाखवायला. मग प्रत्येक नव्या शब्दाला मी कागद पुढे करू लागलो आणि त्यालाही गंमत वाटू लागली. तो का चालतो, याचे उत्तर त्याने एका शब्दात दिले. हवेसाठी. परत येताना आमराईच्या तोंडाशी तो उभा राहिला, काठी या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवली आणि एक लांबलचक वाक्य बोलला. त्यातला एकच शब्द मला स्पष्ट कळला, कारण तो त्याने दोनदा उच्चारला आणि तो चक्क मराठी होता. पारख.

तो साहेब 'र' भोवरा फिरवल्यासारखा बोले. त्यांच्या बेटाच्या उत्तरेकडच्या डोंगरांत तशी बोली आहे, हे मला फार पुढे कळले. त्या वेळी मला वाटले, पोराला समजावे म्हणून बिचाऱ्याने आपल्या धंद्यातला एक देशी शब्द घातला. मी त्यालाही कागद पुढे केला. त्याने लिहिले. मी कागद न वाचताच टोपीत ठेवला. माहीत असलेला शब्द कोण वाचतो?

ओट्यावर सगळे वाट पाहत होते.

"मोठेबाबा, साहेब हवेसाठी फिरतो."

"हवा तर तंबूतबी येते."

"आणि तो आमराईची पारख करून राहिला."

तेवढ्यात घड्याळाने टोले दिले, पण मोठेबाबांनी बोटसुद्धा वर केले नाही. "पारख म्हणला? त्याच्या तोंडून?"

"दोनदा."

"कापसाचा सायेब आंब्याची पारख काहून करन?" मोठेबाबा सावकाश बोलू लागले आणि त्यांच्या बोलण्याबरोबर सगळ्यांचे डोळे मोठे होत गेले. "झाडाची नाई करून रायला तो. झाडाखालच्या मातीची करून रायला. नदीचा गाळ हाये तिथी. हवा कशी, माती कशी, लांबी-रुंदी किती, समदं पायलं त्यानं. अबे, आमी आंधळे! गावात एकच जागा रायली पऱ्हाटीवाचून, आन ते सात समुद्रावरून येऊन सायेबानं हेरली. आता सरकार म्हणन, तुमाले पेरता येत नाई तर आमाले द्या." मग ते उठले, आत गेले आणि एक नवे पागोटे आणून त्यांनी माझ्या डोक्यावर ठेवले. "शिकलं पोट्टं कामाले आलं," असे ते म्हणाले. माझ्या शिक्षणाचा झालेला तो पहिला सत्कार. सुतार देवमन याला दुसऱ्या दिवशी कुऱ्हाड घेऊन यायला सांगितले गेले.

जेवताना त्यांनी ते आईला कळवले. "गनपत, तुह्या मायले सांग, आमराईत औंदा पऱ्हाटी पेराची हाये. झाडं काढून रायलो."

मी पागोटे घालूनच जेवायला बसलो होतो. मी म्हणालो, "आई, आमराई..." आणि माझ्या तेव्हा ध्यानात आले की मी काय सांगतो आहे. दाराआड बांगड्या नव्हत्याच, त्यामुळे काही वाजले नाही. मग आवाज आला, "सांग, कैऱ्या धरल्या हायेत. महिनाभर थांबा."

"सांग, सरकार थांबत नाई."

"सांग, मंग पोराच्या शाळेचं काय?"

"सांग, त्याले आता शाळा कायले पायजे? सायेबासंग बोलते तो."

हे शेवटचे वाक्य मी सांगितले नाही. ते तसेच खोलीत उभे राहिले. भाकर वाढायला त्या दिवशी आईने मला विचारायला लावले नाही.

सकाळी आईने मला गेल्या सालच्या लोणच्याची एक बरणी देऊन अमरावतीला पाठवले. वाटेत मी मास्तरांकडे गेलो. आमचे मास्तर देशावरचे होते. माझे 'मले' त्यांनी 'मला' करून दिले आणि त्याबद्दल मी जन्मभर त्यांचा ऋणी आहे, जरी घरी गेल्यावर 'मला' म्हटले की आई विचारी, "पोटात दुखते का रे?" मी मोठ्या तोऱ्यात आमराईतल्या फेरफटक्याची हकीकत सांगून साहेबाच्या हातचा कागद त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी सगळे शब्द वाचले आणि शेवटच्यावर बोट ठेवले.

"याचा अर्थ काय सांगितलास घरी?"

"पारख."

मास्तर इतके हसले की त्यांना उचकी लागली. मग त्यांनी वाळवी लागलेला जाडा शब्दकोश काढला. "गाढवा, हे 'पार्क' आहे. राजेरजवाड्यांनी शिकारीसाठी, नाहीतर फिरण्यासाठी राखलेले रान. तुमच्या त्या आंब्याच्या बनाला तो सुंदर म्हणत होता रे! दुसरे काही नाही."

मी परत निघालो तो जवळजवळ धावतच. वलगावच्या अलीकडे नदी लागली आणि पाण्यावरून कुऱ्हाडीचा आवाज आला. मी पोचलो तेव्हा दह्या आडवा झाला होता. बोटाएवढ्या कैऱ्या गवतावर विखुरल्या होत्या आणि पोरे त्या मिठाला लावून खात होती. मोठेबाबांनी लांबून हाक मारली, "या दुभाषी!" आणि चारचौघे कौतुकाने बाजूला सरले.

तेव्हा मी बोलायला हवे होते. बोललो नाही. चूक झाली म्हटले तर मोठेबाबा म्हणणार, हेच शिकतो का तिथे, राहा घरी. न बोललो तर आमराई जाणार आणि शाळाही जाणार. दोन्हीकडून शाळा जातच होती. पण खरे कारण हेही नव्हते. खरे कारण माझ्या डोक्यावरचे पागोटे. चौदा वर्षांच्या आयुष्यात मला पहिल्यांदा कोणी "या" म्हटले होते. साहेब तीन दिवसांसाठी दुसऱ्या गावचा कापूस पाहायला गेला होता, म्हणजे मला खोटे पाडणारेही कोणी नव्हते. दुसऱ्या दिवशी खोबऱ्या पडला. तिसऱ्या दिवशी शेप्या. आज मी या दोन ओळी भरभर लिहितो, पण एक झाड पडायला जवळजवळ सगळा दिवस लागतो आणि त्या दिवसात बोलण्याची संधी पुष्कळदा येते.

चौथ्या दिवशी सकाळी देवमनने शेंदऱ्याच्या बुंध्याला दोरी बांधल्याचे सदू कोतवालाने परसात येऊन सांगितले. आई भाकर थापत होती. तिचे हात थांबले, आणि माझ्या तोंडून सगळे बाहेर पडले. कागद, मास्तर, शब्दकोश. ती ऐकत राहिली. मग तिने एवढेच विचारले, "पयल्या दिवशीच समजलं होतं तुले?"

"हो."

"तीन झाडं पडली, आन तिन्ही दिवस तू माह्या हातचं जेवला?"

तव्यावरची भाकर तशीच टाकून ती उठली, पदर ओढला आणि चालू लागली. मी मागोमाग. मोठेबाबा असतील तिथे आई कधी जात नसे, म्हणून तिला येताना पाहून देवमनची कुऱ्हाड वरच्या वर राहिली. मोठेबाबा रीतीप्रमाणे तोंड फिरवून उभे राहिले. आई शेंदऱ्याच्या पलीकडे, खोडाआड उभी राहिली. त्या दोघांमध्ये आमच्या घराचे दार असायचे, तिथे आता आंब्याचे झाड होते.

"गनपत, मोठ्याबाबाले सांग, माह्या पोराले शब्द चुकला."

अर्धे गाव जमले होते. मी म्हणालो, "मोठेबाबा, आई म्हणते..."

"समदं सांग."

"आई म्हणते, माह्या पोराले शब्द चुकला."

"कोणाच्या पोराले?" मोठेबाबांनी विचारले. ऐकले त्यांनी चांगले होते.

"तिच्या. मले चुकला. साहेब पारख म्हणालाच नव्हता." मी पागोटे काढून हातात घेतले आणि खरा शब्द आणि त्याचा अर्थ सांगितला.

मोठेबाबा झाडाकडे पाठ करूनच म्हणाले, "सांग तुह्या मायले, मंग शाळेचा उपयोग काय?"

"आई, मोठेबाबा म्हणतात, शाळेचा उपयोग काय?"

"सांग, चुकलं हे शाळेतच जाऊन समजलं. घरी रायला असता तर अठराबी झाडं गेली असती, आन कोणाले समजलं नसतं."

मी ते एक अक्षर न बदलता सांगितले. दुभाषा म्हणून माझे ते पहिले प्रामाणिक काम. कोणी तरी हसले. मोठेबाबांना राग आला असावा, पण खरी अडचण निराळी होती. त्यांचा नव्या अर्थावर विश्वासच बसत नव्हता. "फिराची जागा?" ते लोकांकडे वळून म्हणाले. "इतक्या दुरून आलेला सायेब आमच्या आंब्याखाली उगाच फिरते, हे कोणाले पटते? पारख म्हणला असन तेच बराबर." सगळ्यांच्या माना त्यांच्या बाजूने हलल्या. माझी चूक गावाला समजत होती. शब्दाचा खरा अर्थ मात्र कोणालाच पटण्यासारखा नव्हता. "देवमन, चालव."

तेवढ्यात साहेब आला. पलीकडच्या काठाने, काठी टेकत, त्याच्या रोजच्या चालीने. नदी ओलांडून तो वर चढला, आडव्या पडलेल्या झाडांशी थांबला आणि त्याने डोक्यावरची टोपी काढली. मग माझ्याकडे पाहून तो बराच वेळ बोलला. तो नक्की काय म्हणाला, हे मला आजही सांगता येणार नाही. 'पार्क', 'शेम' आणि 'व्हाय', एवढे तीन शब्द मला समजले. पण सगळे गाव माझ्या तोंडाकडे पाहत होते, आणि झाडाआड आई होती.

मी म्हणालो, "साहेब म्हणतो, असं रान त्याच्या मुलखात फक्त राजाकडे असते. त्यात राजा फिरते. ते कोणी तोडत नाही. तोडलं तर त्याची शरम वाटते."

शब्दकोशाबाहेरचे त्यात फार थोडे होते. साहेबाने टोपी काढलेली असल्यामुळे ते खरेही वाटले असावे. मोठेबाबांनी मखमलीच्या कोटाची गुंडी लावली. ऊन चांगलेच चढले होते.

"राजाकडं असते म्हणते?"

"हो."

"अमरावतीच्या शेटाईकडं हाये का असं?"

"नाही, मोठेबाबा."

"वलगावच्या पाटलाकडं?"

"त्याने तर दोन सालांपूर्वीच तोडून पऱ्हाटी पेरली."

"अडाणी माणूस," मोठेबाबा म्हणाले. मग ते देवमनकडे वळून गरजले, "अबे कुऱ्हाड ठेव ना खाली! राजाच्या रानात काय करून रायला तू?"

दुसऱ्या दिवसापासून मोठेबाबा हवा खायला जाऊ लागले. पुढे सदू कोतवाल वाट मोकळी करत चाले, मागे एक जण छत्री धरी, एक जण पानाचा डबा, आणि सर्वांच्या मागे चांदीच्या चाकांची दमणी रिकामीच येई, पाटील थकले तर बसायला. साहेबाच्या काठीवरून त्यांनी काठी केली, पण तिला चांदीची मूठ बसवली. वाटेत लोक विचारत, "कुठी चाल्ले पाटील?" आणि ते म्हणत, "कुठीच नाई." या उत्तराने शेजारच्या शेतकऱ्यांची झोप उडाली. पाटील रोज काठाकाठाने जातो आणि कुठे जातो ते सांगत नाही, म्हणजे आपले धुरे, शेताचे बांध, पाहून ठेवतो, असे त्यांनी ठरवले आणि आपापल्या धुऱ्यांवर ते पहाऱ्याला बसू लागले. त्या उन्हाळ्यात पेढीच्या काठाला गावच्या जत्रेपेक्षा जास्त गर्दी होती आणि तिच्यातला एकही माणूस मजेने आलेला नव्हता.

पुढे अमेरिकेतल्या भावांनी लढाई थांबवली. दोन्ही भावांना यश मिळावे, हा नवस मारुतीला जमला नाही. कापूस उतरला, घड्याळ बंद पडले, चाकांवरची चांदी ज्या वाटेने आली त्याच वाटेने गेली, कोट उंदरांनी खाल्ला. छत्रीवाला गेला, पानवाला गेला. मोठेबाबांचे फिरणे मात्र राहिले. साधी बाभळीची काठी घेऊन ते एकटेच जात, आणि एकदा मी त्यांना वळणावर खंड्यासमोर थांबलेले पाहिले. मी दिसताच ते म्हणाले, "काही नाई. पायाले मुंग्या आल्या." त्यांना मी मनापासून मानतो. पंधरा झाडांवर मी मॅट्रिक झालो, आणि ती झाडे राखली ती त्यांनी, भलत्या कारणाने का होईना.

मुंबईहून पदवी घेऊन मी घरी आलो, तेव्हा आमच्या घराण्यात तो कागद वाचू शकणारे दुसरे कोणी नव्हते. आईने तो हातात घेतला, उलटा की सुलटा ते मला विचारले आणि देवापुढे ठेवला. संध्याकाळी मी तिला म्हणालो, "आई, चल, आमराईत जाऊन येऊ."

"काहून? काही आणाचं हाये का?"

"नाही. उगाच."

"उगाच म्हणजे?"

तरी ती आली. मी हळू चालत होतो, तिला ते जमत नव्हते. ती चार पावले पुढे जाई, वाकून वाळलेली काटकी उचली, पदरात टाकी आणि माझ्यासाठी थांबे. शेप्याच्या खोडक्याशी आम्ही आलो. त्याला बाजूने फुटवा आला होता, पण फळ कधी धरले नाही. तिने त्यावर हात फिरवला.

"त्या सायेबाचा शब्द काय होता रे?"

"पार्क."

तिने तो दोनदा तोंडात घोळवून पाहिला. तिचा 'र' थेट त्या साहेबासारखा होता. "मंग पारखच तर म्हणून रायली मी," ती म्हणाली. "तुले काय वेगळं आयकू आलं असन बाप्पा? मलेबी तेच आयकू येते."

मी म्हणालो, "शब्दाचं जाऊ दे. पण ते तीन दिवस, आई..."

"ते तीन दिवस शब्दाचे नव्हते," ती म्हणाली. मग पदराचे ओझे सावरून ती घराकडे वळली. "चाल आता. चुलीपुरतं झालं."